चेरी श्रिंप घरी पाळताना: आधी टाकी मुरू द्या

माझ्या पहिल्या बारा श्रिंप चार दिवसांत गेल्या. सकाळी टाकी विकत घेतली, दुपारी नळाच्या पाण्याने भरली आणि संध्याकाळी त्यांना आत सोडलं. दुकानदाराने दिलेली अँटीक्लोरीनची, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन घालवणाऱ्या औषधाची बाटली वापरली होती, त्यामुळे आपण सगळं बरोबर केलंय असंच वाटत होतं. आज पुण्यातल्या त्याच फ्लॅटमध्ये तीन टाक्या आहेत आणि त्यांतल्या श्रिंप मोजणं मी सोडून दिलंय. मधल्या काळात जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो, म्हणजे तुमच्या पहिल्या बारा वाचतील.

१. सुरुवात चेरीपासूनच करा

चेरी श्रिंप म्हणजे गोड्या पाण्यातली बोटाच्या पेराएवढी कोळंबी. शास्त्रीय नाव नियोकॅरिडिना डेव्हिडी. मूळची चीन-तैवानकडची, आणि निसर्गात रंगाने तपकिरी, जवळजवळ पारदर्शक. लाल, निळ्या, पिवळ्या, काळ्या जाती माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून तयार केल्या. ही श्रिंप २० ते २८ अंश तापमानात छान राहते, साध्या पाण्यात वाढते आणि तिची पिल्लं गोड्या पाण्यातच जगतात. नवख्या माणसाला आणखी काय हवं?

दुकानात तिच्या शेजारी आणखी तीन प्रकार दिसतील. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची क्रिस्टल रेड सुंदर असते. जपानमध्ये हिसायासु सुझुकी यांनी १९९०च्या दशकात ती निवडीतून घडवली. पण तिला मऊ, किंचित आम्लधर्मी आणि थंड पाणी लागतं. आपल्याकडे त्यासाठी चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र घ्यावं लागतं, म्हणून ती नंतर कधीतरी. दुसरी अमानो श्रिंप. जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो यांनी शेवाळ खाण्यासाठी ती लोकप्रिय केली. कामाला उत्तम, पण तिच्या पिल्लांना आधी खारं पाणी लागतं, त्यामुळे घरच्या टाकीत वंश वाढत नाही. तिसरा प्रकार 'घोस्ट श्रिंप' म्हणून स्वस्तात मिळतो. तो कित्येकदा नदीतल्या झिंग्याचं पिल्लू निघतो. पुढचे चिमटे लांब, काडीसारखे दिसले तर घेऊ नका. मोठा झाला की तो बाकीच्यांना धरून खातो.

रंग एकच निवडा. लाल आणि निळ्या एकत्र ठेवल्या तर दोन-तीन पिढ्यांत टाकीभर तपकिरी श्रिंप होतात आणि मग तो रंग परत आणणं फार अवघड जातं.

२. सामान

- टाकी: दोन फूट बाय एक बाय एक. गळ्यापर्यंत भरली तर ५६ लिटर, प्रत्यक्षात पन्नासेक. मेजावर ठेवणार असाल तर वजन लक्षात घ्या. वाळूसकट ती साठ किलोच्या घरात जाते.
- स्पंज फिल्टर आणि एअर पंप. काचेला अडकवायचा मोटरवाला फिल्टर पिल्लं ओढून घेतो.
- पंपाच्या नळीत बसवायचा उलटझडप वाल्व्ह. वीज गेल्यावर टाकीतलं पाणी नळीतून उलटं पंपात येऊ शकतं, ते याने थांबतं. पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगला तर आणखी चांगलं.
- बारीक काळी वाळू किंवा खडी. काळ्या तळावर चेरीचा लाल रंग गडद होतो, पांढऱ्या खडीवर त्याच श्रिंप फिक्या पडतात.
- जावा मॉस (पाण्यात वाढणारी शेवाळासारखी मऊ वनस्पती), भरपूर. एक मूठ घेऊन थांबू नका.
- टीडीएस पेन (पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते मोजणारं), आणि अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, जीएच (पाण्याचा जडपणा) यांची थेंबांची टेस्ट किट. पट्ट्यांपेक्षा थेंब विश्वासाचे.
- अँटीक्लोरीन.
- मेडिकलमधून एक सलाइनचा सेट. कशासाठी, ते पाचव्या पायरीत.
- देशी बदामाची वाळलेली पानं. रस्त्याकडेला मोठ्या लालसर पानांचं बदामाचं झाड असतं ना, तेच. गळून पडलेली तपकिरी पानं घ्यायची, हिरवी तोडायची नाहीत. धुऊन पाच मिनिटं उकळून घ्या.

झाडं आणल्यावर वेगळ्या बादलीत दोन आठवडे ठेवा आणि पाणी रोज बदला. बाहेरून आलेल्या झाडांवर कीटकनाशक असू शकतं, शिवाय चतुराची अंडीही येतात. चतुराची पाण्यातली अळी श्रिंपची पिल्लं गुपचूप संपवते. तुम्हाला फक्त संख्या कमी होताना दिसते.

३. तुमच्या नळाला काय येतं ते बघा

इथे माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. मुंबई-पुण्याचं महापालिकेचं पाणी धरणात साठलेलं पावसाचं असतं, त्यात क्षार कमी. पिण्याला गोड, पण श्रिंपला अपुरं. कवच बनवायला तिला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लागतं, आणि ते पाण्यात किती आहे हे जीएच चाचणी सांगते. चेरीसाठी जीएच ६ ते ८ ठेवा. टीडीएस १५० ते ३०० च्या दरम्यान. पीएच ६.५ ते ८ चालतो, त्याच्या मागे लागू नका.

माझ्या नळाचा टीडीएस ८०-९०, जीएच कसाबसा ३. इमारतीच्या बोअरचं पाणी मात्र ६०० च्या पुढे. आता मी दोन्ही मिसळतो: चार भाग नळाचं, एक भाग बोअरचं. तुमचं प्रमाण वेगळं येईल. एका बादलीत मिसळून मोजा आणि जमलं की भिंतीवर लिहून ठेवा. बोअर नसेल तर श्रिंपसाठीची खनिजांची पूड मिळते, ती वापरा. समुद्रफेसाचा तुकडा, लव्हबर्डच्या पिंजऱ्यात लावतात तो, टाकीत टाकला तरी कॅल्शियम हळूहळू सुटतं. पण त्यात मॅग्नेशियम फारसं नसतं, त्यामुळे निव्वळ त्याच्यावर विसंबू नका. घरी फक्त बोअर किंवा टँकरचं जड पाणी असेल तर उलट करा, आरओचं पाणी मिसळून ते खाली आणा. निव्वळ आरओच्या पाण्यात श्रिंप ठेवू नका.

तांबं या धातूपासून जपा. तांब्याच्या हंड्यात किंवा कळशीत रात्रभर ठेवलेलं पाणी माणसाला चालतं, श्रिंपला ते विष आहे. माशांच्या कितीतरी औषधांत कॉपर सल्फेट असतं. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय टाकीत काहीही ओतायचं नाही.

४. टाकी मुरवा: सहा आठवडे

लोणचं घातल्या दिवशी खात नाहीत. टाकीचंही तसंच आहे.

पाणी भरा, अँटीक्लोरीन टाका, फिल्टर चालू करा, मॉस लावा. आता रोज चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या टाकीत टाका. ते कुजून अमोनिया तयार होतो. काही दिवसांत अमोनियाचं नायट्राइट करणारे जीवाणू स्पंजवर वस्तीला येतात, त्यांच्यामागून नायट्राइटचं नायट्रेट करणारे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी; नायट्रेट थोडं चालतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात किटमध्ये नायट्राइटचा रंग गडद येईल. घाबरू नका, हीच वेळ सगळे घाई करतात. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट वीसच्या खाली, असं सलग आठवडाभर दिसलं की पहिला टप्पा झाला. ओळखीच्या कुणाच्या जुन्या टाकीतला स्पंज मिळाला तर हे निम्म्या वेळात होतं.

मग मी आणखी दोन आठवडे थांबतो. या दिवसांत काचेवर, वाळूवर, पानांवर बुळबुळीत पातळ थर येतो. दिसायला घाण, पण श्रिंपचं मुख्य अन्न तेच, आणि पिल्लांचं तर पहिल्या महिन्यात जवळजवळ फक्त तेच. मागची आणि बाजूची काच पुसू नका. समोरची पुसा, बघायला.

५. आणायच्या, सोडायच्या

दहा ते पंधरा घ्या, म्हणजे नर-माद्या दोन्ही येतात. पूर्ण वाढलेल्या मोठ्या लालभडक माद्यांचा मोह होतो, पण सेंटिमीटरभर लांबीच्या, अर्धवट वाढलेल्या घ्या. चेरीचं आयुष्य वर्ष-दीड वर्षाचं. मोठ्या आणल्या तर त्यातलं निम्मं दुकानात संपलेलं असतं, आणि लहान श्रिंप नव्या पाण्याशी लवकर जुळवून घेतात. दुकानापेक्षा तुमच्याच शहरातल्या पाळणाऱ्याकडून मिळाल्या तर उत्तम, पाणी जवळपास सारखं असतं. एप्रिल-मेमध्ये कुरियरने मागवू नका.

घरी आणल्यावर पिशवीतलं पाणी श्रिंपसकट एका भांड्यात ओता. भांडं टाकीच्या खाली ठेवा आणि सलाइनच्या सेटने टाकीतलं पाणी थेंब थेंब त्यात सोडा. सेटवरच्या चाकाने वेग सेकंदाला दोन थेंबांवर ठेवा. मी गाठ मारलेली नळी, कापूस, सगळं करून पाहिलं. सलाइनच्या चाकाइतकं नेमकं काहीच नाही. दीड-दोन तासांत भांड्यातलं पाणी तिप्पट होतं. टीडीएस पेनने दोन्हीकडचा आकडा जुळला की जाळीने उचलून फक्त श्रिंप सोडा, पिशवीचं पाणी बेसिनमध्ये.

पहिले दोन-तीन दिवस त्या मॉसमध्ये दडून बसतील, रंगही उतरेल. खाणं टाकू नका, दिवा कमी ठेवा. टाकीत दुसरे मासे नकोत. गप्पी मोठ्या श्रिंपला काही करत नाहीत, पण पिल्लू दिसलं की गिळतात.

६. घरातलं विष

हा भाग दोनदा वाचा. डास मारायचं लिक्विड, कॉइल, झुरळांचा स्प्रे, कुत्र्याच्या गोचिडांचं औषध: यातल्या बहुतेकांत पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असतं. श्रिंप ही कीटकांची जवळची नातलग, त्यामुळे कीटकाला मारतं ते तिलाही मारतं. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात ढकलतो, म्हणजे डासांचं मशीन लावलेल्या खोलीत तुम्ही रात्रभर पाण्यात विष फुंकत असता.

माझी दुसरी टाकी अशीच गेली. आमच्या इमारतीत पेस्ट कंट्रोलवाले आले, जिन्यात आणि दारांच्या फटींत फवारून गेले. मी ऑफिसात होतो. संध्याकाळी पाहिलं तर श्रिंप वाळूवर आडव्या पडून पाय झटकत होत्या, काही पृष्ठभागावर गोल गोल फिरत होत्या. निम्मं पाणी बदललं, काही उपयोग झाला नाही. दोन माद्यांच्या पोटाखाली अंडी होती.

आता टाकी ठेवलेल्या खोलीत मशीन नाही, खिडकीला जाळी आहे. सोसायटीच्या नोटीस बोर्डवर पेस्ट कंट्रोलची तारीख बघून ठेवतो. घरात झुरळांसाठी स्प्रेऐवजी जेल लावून घेतो. पावसाळ्यात धूरफवारणीची गाडी आली की खिडक्या बंद, पंपही बंद, टाकीवर प्लास्टिक आणि त्यावर चादर. धूर पूर्ण गेल्यावर खिडक्या उघडून मगच पंप लावायचा. टाकीत हात घालण्याआधी तो साबणाशिवाय, नुसत्या पाण्याने कोपरापर्यंत धुवा. डासांची क्रीम लावली असेल तर त्या दिवशी हात घालूच नका.

७. खाणं: हात आखडता

वीस श्रिंपना एक दिवसाआड, दोन तासांत संपेल इतकंच. उरलं तर चिमट्याने काढा. तयार गोळ्या मिळतात, पण स्वयंपाकघरातलंही चालतं: पालकाचं पान, शेवग्याचा पाला, दोडक्याची चकती. मीठ न घालता दोन मिनिटं उकळायचं, गार करून टाकायचं. बाजारच्या पालेभाजीवर फवारणी असते, म्हणून मी गच्चीवरच्या कुंडीतलाच पालक वापरतो. बदामाचं एक पान कायम तळाशी असू द्या. महिन्याभरात त्याची फक्त शिरांची जाळी उरते, तेव्हा दुसरं टाका.

गणपतीला आठ-दहा दिवस गावी जाणार असाल तर खाण्याची काही व्यवस्था करायची गरज नाही. मुरलेल्या टाकीत श्रिंप एवढे दिवस आरामात राहतात. शेजाऱ्यांना मात्र 'काहीही टाकू नका' असं स्पष्ट सांगून जा. प्रेमाने टाकलेल्या मूठभर खाण्याने टाक्या गेल्याचं मी पाहिलंय.

८. कात

श्रिंप वाढते ती कात टाकून. मोठ्या श्रिंप तीन-चार आठवड्यांनी टाकतात, पिल्लं काही दिवसांनी. वाळूवर अख्खी श्रिंप पडलेली दिसते, मिशांसकट, पायांसकट, डोळ्यांच्या जागी दोन पारदर्शक टोप्या. पहिल्यांदा बघताना काळजात धस्स होतं. फरक असा: कात काचेसारखी आरपार दिसते आणि डोक्यामागे उघडलेली असते; मेलेली श्रिंप दुधट-गुलाबी होते, शिजवलेल्या कोळंबीसारखी. मेलेली लगेच काढा. कात तिथेच राहू द्या, त्यातलं कॅल्शियम त्या खाऊन परत घेतात.

डोकं आणि पाठ यांच्या सांध्यावर सलग पांढरं कडं दिसलं तर कात अडकली आहे. अशी श्रिंप सहसा वाचत नाही, पण ती पाण्याबद्दल सांगून जाते. एक तर जीएच कमी आहे, किंवा तुम्ही एकदम खूप पाणी बदललंत. पाणी आठवड्याला दहा टक्केच बदला. तेही आधी मिसळून, टीडीएस मोजून, त्याच सलाइनच्या नळीने हळूहळू.

९. अंडी आणि पिल्लं

मादी मोठी, पोटाकडे गोलसर आणि रंगाने गडद. नर सडपातळ, फिका. मादी वयात आली की मानेमागे पिवळसर डाग दिसतो, पाठीवर खोगीर ठेवल्यासारखा. ती अंडाशयातली अंडी. मग एका रात्री ती कात टाकते आणि सगळे नर टाकीभर वेड्यासारखे पोहायला लागतात. विषबाधेसारखंच दिसतं, पण इथे फक्त नर पळतात आणि बाकीच्या शांतपणे चरत असतात. दुसऱ्या दिवशी मादीच्या पोटाखाली वीस-तीस पिवळट अंडी आलेली असतात.

पुढचे तीन-चार आठवडे ती पोटाखालच्या पायांनी अंड्यांना वारा घालत राहते, मधूनच एखादं उलटंसुलटं करते. तिला वेगळ्या डब्यात काढू नका. जागा बदलल्याच्या धक्क्याने ती कात टाकते आणि अंडी कातीबरोबर जातात. शेवटच्या दिवसांत भिंग धरून बघा, प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके दिसतात. डोळे.

पिल्लं जन्मतःच आईबापांची हुबेहूब छोटी प्रत असतात, जेमतेम दोन मिलिमीटरची. आठवडाभर तुम्हाला एकही दिसणार नाही. मला पहिलं दिसलं ते रात्री, टॉर्चच्या उजेडात, बदामाच्या पानाच्या कडेवर: साखरेच्या दाण्याएवढं, आणि त्या आकारातही हात तोंडाशी नेऊन भराभर खात असलेलं. या दिवसांत नळीने तळातली घाण ओढून काढू नका, स्पंज पिळू नका. पिल्लं अडीच-तीन महिन्यांत स्वतः अंड्यांवर येतात.

१०. वैशाख आणि आषाढ

पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. ३० अंशांच्या पुढे अंडी गळायला लागतात. टाकी खिडकीपासून दूर, शक्य तितकी जमिनीजवळ ठेवा. झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा सोडा. माठात होतं तेच इथे होतं आणि पाणी दोन-तीन अंश उतरतं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हा उपाय कमी चालतो, तिथे बर्फ केलेली पाण्याची बाटली तरंगत ठेवा, पण लहान, म्हणजे तापमान एकदम पडणार नाही. पंख्याने उडून गेलेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने घाला. उडतं ते फक्त पाणी, क्षार मागे राहतात. पुन्हा बोअरचं घातलंत तर टीडीएस चढत जाईल. लोडशेडिंग असेल तर बॅटरीवरचा एअर पंप हवाच.

पावसाळ्यात धरणात गढूळ पाणी येतं आणि शुद्धीकरणात क्लोरीन वाढवतात. नळाला वास आला तर त्या आठवड्यात पाणी बदलू नका. मी जूनच्या आधीच ४० लिटरचा एक ड्रम भरून ठेवतो.

११. जास्त झाल्या तर

वर्षभरात दहाच्या दोनशे होतात. नदीत, विहिरीत, तळ्यात सोडू नका. जर्मनीत वीजकेंद्राच्या कोमट पाण्याने गरम राहणाऱ्या एका ओढ्यात ही श्रिंप वस्ती करून बसली आहे, आणि आपल्याकडे तर पाणी बारा महिने कोमट. ओळखीत वाटा किंवा दुकानात द्या. फिक्या नरांना वेगळ्या टाकीत काढलंत तर उरलेल्यांचा रंग पिढीगणिक गडद होत जातो.

देताना पिशवीत एक तृतीयांश पाणी, बाकी हवा, आणि धरून बसायला मॉसचा एक झुपका. आदल्या दिवशी खाणं बंद. पिशवीवर तुमच्या टाकीचा टीडीएस आणि जीएच पेनाने लिहा, आणि विचारा, 'टाकी किती दिवसांची आहे?' कालच भरली म्हणाले, तर पिशवीतल्या श्रिंप परत टाकीत सोडा, घेणाऱ्यांना मॉस आणि जुन्या स्पंजचा एक तुकडा द्या, आणि सहा आठवड्यांनी या म्हणून सांगा.